धुऱ्यापासून सुरुवात

आम्ही विदर्भ-मराठवाड्यातले सोयाबीन, कपाशी, तूर पेरणारे कोरडवाहू शेतकरी आणि त्याच वावरांत निंदणाला जाणाऱ्या बाया मिळून ही चळवळ सुरू करत आहोत. आमचं म्हणणं एवढंच आहे: तणाचं बी जमिनीवर पडू द्यायचं नाही, आणि हे काम अख्ख्या शिवाराने एकत्र करायचं.

आज काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. पेरणी होऊन पंधरा-वीस दिवस झाले, तण वर आलं की कृषी केंद्र गाठायचं. काउंटरवरचा माणूस काढून देईल ती बाटली उधारीवर घ्यायची. सोबत एखादं टॉनिकही पदरात पडतं. पावसाची झड लागली की फवारणी लांबते, चार पानांचं तण गुडघ्याला लागतं आणि मग डोस वाढतो. एकूण खर्च किती झाला हे सोयाबीन विकल्यावर, दुकानदाराच्या वहीतून कळतं. सोयाबीनला पहिले ३० ते ४५ दिवस आणि कपाशीला साधारण ६० दिवस तणाची झळ सर्वांत जास्त बसते. त्यानंतर उरलेल्या तणाकडे कोणी बघत नाही. नेमकं तेच दिवाळीपर्यंत बी धरतं आणि पुढच्या सालाची उधारी पेरून जातं.

केना घ्या. ओल असताना डवरून टाकलेला केना ढेकळावर पडल्या पडल्या पेरापेरातून मुळं सोडतो. त्याला जमिनीच्या आतही फुलं येतात, तिथेच बी धरतं, आणि ते डोळ्याला दिसत नाही. ग्लायफोसेटलाही तो सहजी दाद देत नाही. अशा तणाला एकच उपाय पुरत नाही. उघडीप बघून डवरणी, राहिलेला केना हाताने उपटून बी धरण्याआधी गुरांच्या गव्हाणीत, आणि पुढच्या साली पिकाची फेरपालट, असं सगळं धरून चालावं लागतं. हरळी-कुंद्याची गोष्ट वेगळी; त्यांच्या काशा उन्हाळ्यात खोल नांगरून तापवल्याशिवाय जात नाहीत.

तणनाशकाला आमचा सरसकट विरोध नाही. मजूर मिळत नाही, पाऊस उघडत नाही, तेव्हा ते लागतं. पण वर्षानुवर्षं एकच औषध मारण्याची किंमत पंजाब-हरियाणाने मोजली आहे. तिथे गव्हातलं गुल्ली दांडा हे तण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला जुमानेनासं झालं. आपल्याकडे सोयाबीनवर दरसाल इमॅझेथापायर पडतं, म्हणून ही भीती आम्हाला आजच वाटते. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवू. टू-फोर-डी मारलेला पंप नीट न धुता कपाशीवर नेला की पानं भेंडीच्या पानासारखी लांबट, चिरलेली होतात आणि झाड बसतं. तणनाशकापुढे तग धरणारं चोर बीटी कपाशीचं बी आम्ही पेरणार नाही. त्याला मंजुरी नाही, पावती नाही, आणि बी उगवलं नाही तर दाद मागायला जागा नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. ते आम्ही विसरलेलो नाही. हातमोजे आणि तोंडाला कापड हा खर्च आम्ही औषधाच्या खर्चातच धरू. तो वेगळा काढला की टाळला जातो.

निंदण बाया करतात. कोणतं तण कुठल्या वावरात आधी निघतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही, म्हणून चळवळीच्या प्रत्येक बैठकीत त्या बोलतील आणि निर्णयात असतील. त्यांची मजुरी कापून वाचवलेला पैसा आम्ही बचत धरणार नाही. तांदुळजा, घोळ, तरोट्याची कोवळी भाजी त्या याच वावरांतून ओटीत भरून घरी नेतात. म्हणून फवारलेल्या वावराच्या धुऱ्यावर ठळक खूण लावायची, हा आमचा नियम राहील.

आता गायरान. पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलेलं गाजरगवत आज प्रत्येक गावाच्या पांदणीवर आहे. जनावर चांगलं गवत खातं, गाजरगवत सोडतं, आणि सोडलेलंच वाढत जातं. एका झाडाला हजारो बिया येतात, त्यांना धुरा अडवत नाही. ते फुलावर येण्याआधी गावाने मिळून उपटायचं. जिथे मेक्सिकन भुंगे पानं खाताना दिसतील, तिथे त्यांना राहू द्यायचं. १९८४ मध्ये ते याच कामासाठी भारतात सोडले गेले. तणाचं बी यंत्रातून आणि खतातूनही वावरात येतं, म्हणून मळणीयंत्र आणि हार्वेस्टर एका वावरातून दुसऱ्यात नेण्याआधी झाडून घ्यायचं. कच्चं शेणखत वावरात टाकायचं नाही.

सरकारकडे मागणी आहे: गायरानावरचं तण काढण्याचं काम रोजगार हमीत, पावसाळ्याच्या सुरुवातीलाच मिळावं. बाटलीवरची मराठी सूचना चष्म्याशिवाय वाचता यावी. कृषी विद्यापीठांनी आमच्याच वावरांतल्या तणांवर औषध चालतं की नाही ते दर दोन-तीन वर्षांनी तपासून गावात येऊन सांगावं.

सभासद व्हायला वर्गणी नाही. गेल्या हंगामात निंदण, डवरणी आणि तणनाशकावर एकरी किती गेले ते स्वतःच्या वहीत लिहून मृगाआधी गावच्या बैठकीत वाचून दाखवायचं. ज्याने ते वाचलं, तो सभासद.