भिंत तुमची, मग पाणी कुणाचं?

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण पावसाळा तोंडावर आलाय म्हणून आजच लिहितोय. काहींना राग येईल. येऊ दे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

दहिवलीतल्या आमच्या घराची मागची बाजू उताराची आहे. परसातली माती धरून राहावी म्हणून चार वर्षांपूर्वी साडेसहा फुटांची भिंत घातली. गवंडी जुना, जाणता. त्याने भिंतीत ठिकठिकाणी पाइपाचे तुकडे ठेवले, पाणी निघायला. पहिल्याच पावसात त्यातून तांबडं पाणी खालच्या काकूंच्या धुण्याच्या दगडावर पडायला लागलं. काकू बोलल्या. मी काय केलं? पाइपांची तोंडं सिमेंटने बुजवून टाकली. भांडण मिटलं, भिंत पण स्वच्छ दिसायला लागली.

पुढच्या जुलैत त्याच भिंतीला मधोमध पोट आलं. वर माती आणि भिंत यांच्यात बोटभर फट. पाणी भिंतीच्या पायाखालून गेलं आणि काकूंच्या स्वयंपाकघरात लाद्यांच्या सांध्यांतून वर आलं. ती रात्र काकू आणि त्यांच्या दोन नाती आमच्या ओटीवर झोपल्या. माझ्याच भिंतीच्या भीतीने, माझ्याच घरात. एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी गवंड्याने तिरकं उभं राहून, लांबूनच एक पाइप मोकळा केला. पिचकारी उडावी तसं पाणी आलं. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, भिंत मातीसाठी बांधली होती, तुम्ही तिला धरण केलंत."

हे वाक्य आता गावभर सांगायची वेळ आलीय. कारण श्रीराम पुलाच्या अलीकडे-पलीकडे जिकडे बघावं तिकडे हेच चाललंय. उताराचा प्लॉट घ्यायचा, जेसीबी लावायचा, मुरमाचा भराव टाकून जागा सपाट करायची आणि कडेला भिंत उभी करायची. वरून प्लास्टर, रंग, लाइटी. पाणी जायचं कुठून? त्याचा विचारच नाही.

हिशोब सांगतो. पाच गुंठ्यांवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होतं सुमारे ५० हजार लिटर. म्हणजे दहा हजारी पाच टँकर. आपल्याकडे असे दिवस दर पावसाळ्यात येतात. रायगडात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. यातलं जे पाणी भरावात मुरतं, ते भिंतीमागे साठत जातं. दोन मीटर उंच भिंतीमागे पूर्ण पाणी भरलं, तर नुसत्या पाण्याचा रेटा भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर दोन टन. मातीचा रेटा वेगळा. उंची दुप्पट झाली की पाण्याचा रेटा चौपट. तुमच्या ठेकेदाराने हा हिशोब केला होता का, एकदा विचारा.

२९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्याला सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली, १५ जण गेले. तीनच दिवसांनी, २ जुलैला, मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळली, ३१ जण गेले. १८ जुलै २०२१ ला चेंबूरच्या भारतनगरात १९. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगवेगळी असतील, पण दोन गोष्टी सगळीकडे सारख्या: वरून मुसळधार पाऊस आणि खाली झोपलेली गरीब माणसं. भिंत बांधणारा वर राहतो, मरणारा खाली.

आणि गंमत बघा, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. भाताच्या खाचराला तो बांध घालतो, पण त्याला तोंड ठेवल्याशिवाय राहत नाही. जुने दगडी बांध सिमेंटशिवाय रचलेले. पाणी दगडांच्या फटीतून पाझरतं आणि बांध पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. ज्यांच्या आजोबांना हे कळत होतं, त्यांची नातवंडं आता फटी बुजवायला सिमेंट आणतात. मी पण त्यातलाच.

"भोकं ठेवली तर भिंत कमजोर होते." उलट आहे. भोकं नसली तर भिंत पडते. तीन-चार इंची पाइप, दीड-दोन मीटरच्या अंतराने, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. मागे माती थेट नको, डबर आणि खडीचा थर हवा, नाहीतर गाळाने पाइप तुंबतो.

"पाणी खालीच जाणार, आम्ही काय करू?" बरोबर. १८८२ चा इझमेंट ॲक्टही म्हणतो की वरच्या जमिनीवरचं पाणी नैसर्गिकपणे खाली वाहू द्यावं लागतं. पण नैसर्गिकपणे! अख्ख्या प्लॉटचं पाणी गोळा करून एका पाइपाने शेजाऱ्याच्या दारात सोडायचा हक्क त्यात नाही. आणि कुणी भिंत घालून शेतातल्या पाण्याची वाट अडवली असेल, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट ॲक्टच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येतं. मुदत सहा महिन्यांची, म्हणून गप्प बसू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे: भिंतीचं पाणी गटारापर्यंत किंवा ओढ्यापर्यंत नेऊन सोडणं ही भिंत बांधणाऱ्याचीच जबाबदारी. परवानगी देणाऱ्यांनी नकाशात भिंतीची उंची बघता तशी पाण्याची वाटही मागावी. वाट दाखवली नाही, तर सही नको. आणि ज्या गटारात हे पाणी जाणार, ते मे महिन्यात साफ व्हायलाच हवं.

मी काय केलं तेही सांगतो. पोट आलेला भाग उतरवून पुन्हा बांधला, मागे खडी भरली, आणि भिंतीच्या पायथ्याने चर काढून पाणी काकूंच्या संमतीने त्यांच्या कडेकडेने गटारात सोडलं. मूळ भिंतीला आला त्याच्या निम्म्याहून जास्त खर्च झाला. तोच आधी केला असता, तर फारच थोडक्यात भागलं असतं.

या रविवारी आपापली भिंत बघा. पाइप तुंबलेत का? पोट आलंय का? वर फट आहे का? भर पावसात पाइप कोरडे राहिले किंवा भिंतीतून अचानक गढूळ पाणी आलं, तर बघत उभे राहू नका. खालच्या घरातल्यांना आधी बाहेर काढा आणि १०७७ ला, जिल्हा नियंत्रण कक्षाला, फोन करा.

आणि खालच्या घरात कोण राहतं ते माहीत नसेल, तर आधी जाऊन ओळख करून घ्या.