पुस्तकापर्यंत कोण पोचतो?

सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे सर्वांचे ग्रंथालय, असे पाटीवर लिहिणे सोपे असते. पण दार उघडे असणे आणि त्या दारातून प्रत्येकाला आत जाता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जबलपूरसारख्या शहराकडे पाहिले की हे चटकन ध्यानात येते.

शहर चांगलेच पसरलेले. एका टोकाला नर्मदेचा ग्वारीघाट, तर दुसरीकडे रांझी-खमरियाच्या कारखान्यांच्या वसाहती. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी निघाली, १९५६ मध्ये उच्च न्यायालय आले, तर २००३ मध्ये पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय. नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे येथलीच झाली. मात्र १९५६ पूर्वी ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती आणि जेथे मराठी ही हिंदीच्या बरोबरीने नांदत होती, त्या प्रांताची पुढे वाटणी झाली. जबलपूर मध्य प्रदेशात राहिले, विदर्भ वेगळा झाला.

महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले. पण कायद्याची हद्द राज्याच्या सीमेपाशी संपते. मध्य प्रदेशातून २००० साली वेगळ्या झालेल्या छत्तीसगडने २००८ मध्ये असा कायदा केला. तोपर्यंत मूळ राज्याने तो केलेला नव्हता. कायद्याचा आधार नसला की पुस्तकखरेदी आणि सेवकांचे पगार कुणाच्या तरी मर्जीवर अवलंबून राहतात.

अर्थात कायदा झाला म्हणजे सगळे झाले, असेही नाही. महाराष्ट्रातील बहुतेक अनुदानित ग्रंथालये संस्था चालवतात आणि तेथे अनामत व वर्गणी भरावी लागते. रक्कम लहान असेल, पण धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीला ती लहान नसते. गृहिणीला दुपारी दोन तास मोकळे मिळतात, नेमके तेव्हाच दाराला कुलूप. पाळीवर जाणारा कामगार घरी येतो तोवर दिवे मालवलेले. आजोबांना वाचायचे आहे, पण वाचनालय वरच्या मजल्यावर! यांपैकी कुणालाही कोणी अडवलेले नाही, तरीही सारे बाहेरच राहिले.

यावर उपाय नाहीत असे नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. संस्थानात विनामूल्य ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. गावाने वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यायची, असा हिशेब होता. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या जात. स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी वेगळी सोय होती. वाचकाने पुस्तकाकडे यावे, एवढ्यावर न थांबता पुस्तकाने वाचकाकडे जावे, हे बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले.

नाशिकला २००९ मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना याच वाटेने गेली. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या गटाकडे जाते, काही महिन्यांनी ती बदलली जाते. अशा पेट्या महाराष्ट्राबाहेर, परदेशातही पोचल्या. अंध वाचकांसाठी २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने वाट मोकळी केली आणि २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. मात्र घरातल्या आजीला ते लावून देणारे कोणी हवे.

जबलपूरच्या वस्त्यांमध्येही हे जमण्याजोगे आहे. एखादे महिला मंडळ किंवा गणेशोत्सव मंडळ मराठी-हिंदी पुस्तकांची पेटी सांभाळू शकते. ग्रंथालयाच्या समितीने आठवड्यातले दोन दिवस तरी रात्री आठपर्यंत दार उघडे ठेवावे, विद्यार्थ्यांची अनामत माफ करावी, रोजची वर्तमानपत्रे आणि मुलांची कपाटे तळमजल्यावर आणावीत. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही.

वार्षिक अहवालात सभासद किती, हे छापलेले असते. समितीने एकदा कागद घेऊन आपल्या वस्तीतले कोण सभासद नाहीत आणि का नाहीत, हेही लिहून काढावे. कामाला सुरुवात त्याच यादीपासून करायची आहे.