मोराची उलट बाजू

लग्नसराई आली की आमच्या सांताक्रूझच्या बाजारात पैठण्या लटकू लागतात. दोन-तीन हजारांत 'ओरिजिनल'! आता तुम्ही म्हणाल, आयटीवाल्याला साडीतलं काय कळतं? तर मंडळी, पैठणीचा मोर हा जवळजवळ आपलाच विषय आहे.

येवल्याचा विणकर पारंपरिक पदर विणतो तेव्हा प्रत्येक रंगाच्या रेशमाची छोटी कांडी वेगळी असते. ताण्याचे धागे मोजायचे, मोराच्या गळ्यापुरता निळा न्यायचा, शेजारच्या रंगात अडकवायचा आणि मागे फिरायचं. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. धागा ह्या काठापासून त्या काठापर्यंत जातच नाही. म्हणून पुढून बघा की मागून, मोर तोच. भरगच्च पदराला महिने जातात. इराणच्या फार्स प्रांतातल्या कश्काई बायका किलीम विणतात तेही ह्याच जातकुळीचं काम. फक्त त्या रंग एकमेकांत अडकवत नाहीत, त्यामुळे मध्ये बारीक फट राहते. समोर नक्षीचा कागदही नसतो, सगळं डोक्यात. फार्सच्या गालिचा-विणकामाला २०१० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली.

'सेमी पैठणी' वेगळी. ती यंत्रमागावरच्या जॅकार्डवर निघते. मूळचं जॅकार्ड १८०४ चं, फ्रान्समधलं, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारं. पुढे बॅबेजने हीच पुठ्ठ्यांची कल्पना आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. म्हणजे आपल्या पोटापाण्याचे खापरपणजोबाच! त्यांना शिव्या द्यायला माझी जीभ रेटत नाही. कमी पैशांत हौस भागते, उत्तम आहे.

माझं भांडण नावाशी आहे. पैठणीला भौगोलिक निर्देशांक आहे, तरी दुकानात सगळंच 'पैठणी'. मग हातमागाची किंमत ऐकली की आपण विणकरालाच लुटारू ठरवतो. आणखी एक होतं. यंत्र तोच तो मोर हजारो वेळा काढतं, आपल्याला त्याचीच सवय होते, आणि येवल्याला जाऊनही आपण मोरच मागतो. आसावलीची फुलवेल, काठावरचे मुनिया पोपट, अजिंठ्याचं कमळ कोण मागणार? मागणी नसेल तर विणकराने ते पोरांना शिकवावं तरी कशाला?

असो. आईबरोबर, बायकोबरोबर खरेदीला गेलात तर कोपऱ्यात मोबाईल बघत बसू नका. पदर उलटा करा. मागे सुटे, कापलेले धागे दिसले तर ते जॅकार्ड. खुशाल घ्या, पण जॅकार्डच्या भावात.