रद्दीत घालण्याआधी

मैत्रिणींनो, या खेपेला लोणची-मुरंबे बाजूला ठेवते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलंय, त्याला उत्तर द्यायलाच हवं.

त्यांचा मुलगा सातवीत आहे. स्पायडरमॅन, नागराज, सुपर कमांडो ध्रुव, जे मिळेल ते रद्दीच्या दुकानातून आणतो आणि जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचतो. बाईंना स्वतःला ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड. मामाने भाच्याला अॅस्टेरिक्सची पुस्तकं दिली, तेव्हापासून मायलेक रात्री दिवा मालवेपर्यंत खिदळत असतात. हे सगळं छान चाललं होतं. पण सहामाहीत इतिहासात मार्क कमी पडले आणि यजमानांनी सगळी पुस्तकं सुतळीने बांधून माळ्यावर टाकली. येत्या रविवारी रद्दीवाला येणार. सासूबाई म्हणतात, "आईच कादंबऱ्या वाचत बसते, डाळ करपते, मग पोर दुसरं काय शिकणार?" बाई विचारतात, "ताई, खरंच माझं चुकलं का?"

उत्तर देण्याआधी माझीच एक चूक सांगते.

मी अर्धवेळ शिक्षिका, पाचवी ते सातवीला मराठी आणि इतिहास शिकवते. काही वर्षांपूर्वी मी पेपरात प्रश्न घातला होता, थोरल्या माधवराव पेशव्यांची कामगिरी लिहा. मार्क चार. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी गादीवर आले, १७६३ साली राक्षसभुवनला निजामाला हरवलं, हैदरवर स्वाऱ्या केल्या, रामशास्त्र्यांसारख्या न्यायाधीशाचा मान राखला, एवढं आलं की झालं. एका मुलाने यातलं काहीच लिहिलं नाही. त्याने दीड पान भरून थेऊरला आजारी पडलेले माधवराव आणि रमाबाई यांचं संभाषण लिहिलं होतं, अवतरणचिन्हांसकट. मी लाल शाईने शून्य दिलं आणि खाली शेरा मारला, "कादंबरी लिहू नये." स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं, आम्ही सगळ्या हसलो. ते हसणं आजही आठवलं की मला कसंसं होतं.

दोन दिवसांनी त्याची आजी शाळेत आली. नऊवारी नेसलेली, हातात कापडी पिशवी. मुलाला लहानपणापासून तिनेच वाढवलेलं. पिशवीतून तिने जुनं, पुठ्ठा सुटलेलं 'स्वामी' काढलं आणि म्हणाली, "बाई, हे मी त्याला रात्री वाचून दाखवते. त्याची चूक नाही, माझी आहे. आता तो म्हणतो, आजी, तुझं पुस्तक खोटं आहे, वाचू नकोस."

मला काय बोलावं कळेना. कारण माधवराव मला तरी कुठे भेटले होते? रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ सालची, तिला १९६४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या सासूबाई तर दूरदर्शनवर तिची मालिका लागायची तेव्हा शेजारपाजारच्या बायका घरात कशा मावायच्या नाहीत, हे अजून सांगतात. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांना माधवराव या कादंबरीतूनच कळले. पाठ्यपुस्तकात त्यांना पानभर जागा मिळते, तीही सनावळीने भरलेली.

मी आजींना खुर्ची दिली, चहा मागवला. मुलाला शनिवारी दुपारी थांबायला सांगितलं आणि नगर वाचनालयातून रियासतकार सरदेसायांच्या 'मराठी रियासती'चा खंड आणला. एका बाजूला रियासत, एका बाजूला कादंबरी, असे आम्ही दोघं बसलो. वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे 'घडलं', उजवीकडे 'रचलं'. माधवराव क्षयाने आजारी होते, ते डावीकडे. काकांना, म्हणजे राघोबादादांना, शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं, तेही डावीकडे. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला निधन, वय अवघं सत्तावीस, डावीकडे. आणि ते दीड पानांचं संभाषण? पोराने पेन्सिल चावत बराच वेळ विचार केला आणि ते उजवीकडे लिहिलं. मग मला विचारलं, "बाई, म्हणजे रमाबाई काय बोलल्या, ते कोणी लिहूनच ठेवलं नाही?"

मैत्रिणींनो, मी बी. ए. झाले, इतकी वर्षं शिकवते आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पेशव्यांच्या दफ्तरात हिशेब आहेत, स्वाऱ्यांच्या बातम्या आहेत, कर्जाच्या यादी आहेत. गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावांना, लिहिलेलं उपदेशाचं पत्रही आहे. पण वाड्यातल्या बहुतेक बायका काय म्हणाल्या, कशाला घाबरल्या, हे टिपून ठेवायला कारकून नव्हता. ती रिकामी जागा कादंबरीकाराने भरली. त्याला खोटं म्हणू नये, आणि पेपरात खरं म्हणूनही लिहू नये.

एक मात्र इथेच सांगते, कुणाला आवडो न आवडो. रमाबाई सती गेल्या, हे डावीकडच्या रकान्यातलं आहे. कादंबरी वाचताना तिथे आपल्या डोळ्यांना पदर लागतो. थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो तेव्हा नदीकाठी रमाबाईंची समाधी दाखवताना मीही लेकीला भारावून सांगत होते. तिने विचारलं, "आई, पण त्यांना भाजलं असेल ना?" माझी जीभच अडखळली. पुढे बेंटिंकने १८२९ साली कायद्याने सती बंद केली, हे त्याच दिवशी, त्याच घाटावर तिला सांगितलं. रचलेलं कितीही सुंदर असलं, तरी दुसरा रकाना लागतो तो यासाठी.

आता चित्रकथांकडे वळते. यजमानांना वाटतं, त्यात नुसती मारामारी. आमच्याकडे मामंजींनी बाइंडिंग करून ठेवलेले 'इंद्रजाल कॉमिक्स'चे गठ्ठे आहेत. १९६४ ते १९९० अशी सव्वीस वर्षं ती निघत होती. त्यातला वेताळ मरत नाही असं जंगलातले लोक समजतात. खरी गोष्ट अशी की बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. असे एकवीस वेताळ झाले, आणि प्रत्येकाने आपली हकिकत मोठ्या वह्यांत लिहून कवटीच्या गुहेत ठेवली. म्हणजे या सुपरहीरोच्या घरी चक्क बखरींचं दफ्तर आहे! मूळ इंग्रजीत त्याच्या देशाचं नाव बंगालच्या नावाशी मिळतंजुळतं होतं आणि समुद्री चाच्यांच्या टोळीचं नाव होतं 'सिंग'. आपल्याकडे छापताना देश झाला 'डेंकाली' आणि टोळी झाली 'सिंगा', कुणाचं मन दुखायला नको म्हणून. हे मुलाला सांगा. छापणारा मजकूर बदलू शकतो, हे चित्रकथेवरून जितकं पटकन कळतं तितकं जाड ग्रंथावरून कळत नाही.

आणि स्पायडरमॅन? १९६२ साली आलेल्या त्याच्या पहिल्या गोष्टीत तो पळणाऱ्या चोराला 'माझं काय जातंय' म्हणून जाऊ देतो, आणि तोच चोर पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो. तुमचा मुलगा ताटाशेजारी हे वाचतो आहे. मला तरी त्यात वावगं दिसत नाही. भाजी कोणती खाल्ली हे त्याला आठवत नसेल, तेवढं मात्र बंद करा.

अॅस्टेरिक्सबद्दल तर मी तुमच्याच बाजूची. गोसिनी आणि उडेर्झो या फ्रेंच जोडीने १९५९ साली ही चित्रकथा सुरू केली. रोमच्या सीझरने सगळा गॉल जिंकला, फक्त एक खेडं सोडून. आता तो ओबेलिक्स पाठीवर भलामोठा दगड घेऊन फिरतो ना, तसले दगड त्या भागात खरोखर आहेत, पण ते गॉल लोकांच्या कित्येक हजार वर्षं आधी उभारलेले. हे मुलाला आधी सांगू नका. हसून झालं की विचारा, "यात चूक काय?" शोधायला लावा. चूक शोधण्यासाठी खरं काय ते माहीत करून घ्यावंच लागतं. पु. ल. देशपांड्यांचा 'मराठी वाङ्मयाचा गाळीव इतिहास' घरात असेल तर तोही वाचा. ज्याला खरा इतिहास ठाऊक, त्यालाच तो जास्त हसवतो.

तर ताई, शनिवारच्या आत यजमानांशी बोला. भांडू नका. त्यांना एक अंक हातात द्या आणि मुलासमोर वाचायला लावा. त्यांच्या लहानपणीचा वेताळ निघाला तर काम सोपं होईल, आमच्याकडे तसंच झालं. परीक्षेच्या आधी महिनाभर गठ्ठा माळ्यावर राहिला तरी चालेल, पण सुतळीची गाठ मुलालाच मारू द्या, म्हणजे सोडायची कधी हे त्याला ठाऊक असेल. माळ्यावर ओल असते, तेव्हा पुस्तकं आधी उन्हात नीट वाळवा, मध्ये सुकवलेला कडुलिंबाचा पाला घाला आणि जुन्या सुती साडीत गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते.

सासूबाईंनाही विसरू नका. डोळ्यांनी दिसत असेल तर एखादी कादंबरी त्यांच्या हाती द्या, नसेल तर नातवाला वाचून दाखवायला सांगा. त्या मुलाची आजी पुढल्या सोमवारी परत शाळेत आली होती. पुठ्ठा चिकटवायला खळ कशी करायची ते विचारायला. मैद्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे कसर लागत नाही. मात्र मोरचूद विषारी, ते भांडं स्वयंपाकाला परत वापरू नये. आजींच्या हातात ती रेघ मारलेली वही होती. पुढचं प्रकरण त्या दोघांनी मिळून लिहिलं होतं, आणि उजवा रकाना डाव्यापेक्षा बराच लांब झाला होता.

डाळीचं म्हणाल तर कुकर लावा आणि शिट्ट्या मोजायचं काम मुलाकडे द्या.