बागेआधी जागा मोजा



आमच्या साखरखेर्ड्यात पडीक सार्वजनिक जागेचं काय करायचं असा विषय निघाला की दोन उत्तरं ठरलेली: गाळे काढा, नाहीतर सभामंडप बांधा. कोणी बाग करा म्हणालं की हशा पिकतो. "चारी बाजूंनी वावरं आहेत, अन् बाग कशाले पाहिजे?"

वरवर हा प्रश्न बिनतोड वाटतो. पण वावर कोणाचं तरी असतं. पेरलेल्या सोयाबीनमध्ये लेकरांनी चेंडू खेळलेला कास्तकाराला चालत नाही, चालूही नये. गुडघे धरलेली म्हातारी माणसं संध्याकाळी धुऱ्यावर जाऊन बसणार नाहीत. पारावर पुरुष, स्टँडवर तरुण पोरं. बायकांनी आणि शाळकरी मुलींनी घर नि देऊळ सोडून तासभर निवांत बसावं, अशी एक जागा मला कोणी दाखवावी.

शिवाय पडीक जागा काही रिकामी राहत नाही. आधी उकिरडा पडतो. मग कोणीतरी पऱ्हाट्या-तुऱ्हाट्या रचून ठेवतं. पुढच्या पावसाळ्यात चार पत्रे उभे राहतात, त्यानंतर विजेचं मीटर लागतं आणि एक दिवस 'आम्ही पहिल्यापासून इथंच आहोत' हे ऐकायला मिळतं. उरल्या तुकड्यात वेडी बाभूळ आणि फुटक्या बाटल्या. लेआउटच्या नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेल्या ओपन स्पेसचीही बहुतेक गावांत हीच गत आहे.

कायदा नाही असं नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 ने पंचायतीला अतिक्रमण काढण्याचा अधिकार दिला आहे. सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य त्याच कायद्याने अपात्र ठरतो. गावाच्या सामाईक जमिनी गावाला परत द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग प्रकरणात सगळ्या राज्यांना बजावलं. अडतं ते मोजणीपाशी. हद्दीच्या खुणा नाहीत, नोंद कोणाच्या नावावर आहे ते सांगता येत नाही, आणि मतांचा प्रश्न असल्यामुळे विचारायला कोणी जात नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की झोपाळे आणि घसरगुंडीचं कोटेशन मागवण्याआधी मोजणीची फी भरा.

आणि दुसरं, माळी नेमा. गावोगावच्या खुल्या व्यायामशाळा पाहा: साहित्य गंजलेलं, भोवती गवत कमरेएवढं. याचं कारण हिशेबातच सापडतं. वित्त आयोगाच्या निधीतून वस्तू घेता येतात, पगार देता येत नाही. त्यामुळे लोखंड येतं, माणूस येत नाही. माळ्याचा पगार घरपट्टीतून, बाजाराच्या लिलावातून, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातूनच काढावा लागेल. तो ठरावात आधी लिहिला नाही, तर बाग उद्घाटनापुरतीच राहील. 2019 मध्ये राज्याने 33 कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. त्यातली आपल्या रस्त्याच्या कडेची किती उरली, ते ज्याने त्याने मोजून घ्यावं.

मुंबईत धारावीला लागून मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. 37 एकरांची ती जागा एकेकाळी शहराच्या कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होती. 1983 मध्ये सलीम अलींच्या हातून तिथे पहिलं झाड लागलं, आणि उद्यान लोकांसाठी खुलं झालं 1994 मध्ये. मधली अकरा वर्षं कोणीतरी रोज पाणी घातलं असणार. आपल्या एकरभर जागेला एवढा काळ लागणार नाही, पण तीन उन्हाळे तरी लागतील. त्यासाठी हिरवळीचे लाड नकोत, उन्हाळ्यात ते पाणी आपल्याला परवडणारं नाही. कडुनिंब, करंज, वड, बहावा लावा, हातपंपाचं वाया जाणारं पाणी चर काढून आळ्यांत सोडा, आणि बायकांसाठी दार बंद होणारं, स्वच्छ स्वच्छतागृह बांधा. एवढं झालं तरी पेव्हर ब्लॉकवाचून काही अडणार नाही.

नावाचा वाद मात्र होणारच. 1724 मध्ये याच शिवारात निजामाने मुघल सुभेदार मुबारिजखानाचा पराभव केला आणि गावाचं नावच फत्तेखेर्डा करून टाकलं. गावाने पुन्हा साखरखेर्डाच ठेवलं. तेव्हा येत्या ग्रामसभेत मोजणी आणि माळी हे दोनच ठराव घ्यावेत. पाटी कोणाच्या नावाची लावायची, ते झाडाखाली बसता येऊ लागल्यावर पाहू.

आपला,
एक वाचक
साखरखेर्डा (ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा)