शिवणाच्या कोपऱ्याचा ताळेबंद

घरातील शिवणयंत्र बंद का पडले, याची कारणे शोधू गेल्यास यंत्रातील बिघाड हे कारण बहुधा शेवटचे ठरते. यंत्र उत्तम चालत असते. मात्र त्यावर इस्त्रीसाठी काढलेले कपडे, जुनी मासिके आणि पाहुण्यांची एखादी पिशवी विसावलेली असते. उशीचा अभ्रा उसवला तर तो शिवण्याचे काम पाच मिनिटांचे. परंतु त्याआधी यंत्र मोकळे करणे, कात्री शोधणे, जुळत्या रंगाचे रीळ हुडकणे, बॉबिन भरणे यात अर्धा तास जातो आणि काम संपल्यावर सारे पुन्हा उचलून ठेवण्यास आणखी पाव तास. पाच मिनिटांच्या उत्पादनावर पाऊण तासाचा आस्थापना खर्च ज्या व्यवसायात येतो, तो व्यवसाय बुडणारच. हे सांगण्यास वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. मग अभ्रा नाक्यावरच्या शिंप्याकडे जातो आणि एके काळी घरातील सगळी झबली-टोपडी स्वतः शिवणारी गृहिणी म्हणू लागते, ‘आता डोळे साथ देत नाहीत.’ डोळ्यांच्या नावावर खर्ची पडणारी ही रक्कम पुष्कळदा मांडामांडीच्या खात्यातील असते, असे माझे निरीक्षण आहे.

म्हणून शिवणाच्या जागेचा विचार करताना पहिला नियम एवढाच धरावा की, यंत्र झाकण काढून लगेच चालवता आले पाहिजे. स्वतंत्र शिवणखोली आपल्या शहरांतील सदनिकांमध्ये कोणाला लाभते? खिडकीजवळचा एक कोपरा मिळाला तरी पुष्कळ झाले. यंत्राची सुई डाव्या टोकाला असते. त्यामुळे उजव्या हाताने काम करणाऱ्या व्यक्तीने प्रकाश डावीकडून येईल अशा रीतीने बसावे, म्हणजे हाताची सावली शिवणीवर पडत नाही. साठीनंतर सुईशेजारी एक छोटा एलईडी दिवा अवश्य लावावा. यंत्राला मोटर बसविलेली असेल, तर तिची वायर येण्याजाण्याच्या वाटेतून नेऊ नये. जागेविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही. खरा गुंता वस्तूंचा आहे.

नोकरीच्या काळात लहान कर्जांच्या तपासणीसाठी मला अनेक घरी जावे लागे. शिलाई यंत्रासाठी कर्ज घेतलेल्या एका भगिनीच्या घरी गेल्याचे आठवते. हप्ते थकले होते. यंत्र जागेवर होते, हातात कसब होते, वस्तीत गिऱ्हाइकेही होती. अडचण निराळीच निघाली. गिऱ्हाइकांनी दिलेले ब्लाउजपीस, मापाचे जुने ब्लाउज, घरचे कापड आणि उरलेले अस्तर हे सारे एकाच गाठोड्यात बांधलेले होते. कोणाचे अस्तर कोणाला लागले, याचा पत्ता नव्हता. लग्नघरातील एक ब्लाउज मुहूर्ताच्या आदल्या रात्रीपर्यंत सापडला नाही आणि त्या एका बोभाट्याने निम्मी वस्ती तुटली. कर्जाच्या अर्जात यंत्राची किंमत लिहिण्यास रकाना असतो, पिशव्या आणि चिठ्ठ्या लिहिण्यास नसतो. आजही तेच आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्यही आहे. परंतु गाठोडे सोडविण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना भारतीय करार अधिनियम, १८७२ शिकावा लागतो. त्याच्या कलम १४८ मध्ये ‘निक्षेप’ या व्यवहाराची व्याख्या आहे. एखाद्या कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या हवाली करायची आणि काम झाल्यावर ती परत घ्यायची, असा तो व्यवहार. शिंप्याकडे दिलेले कापड हे त्याचे नेहमीचे उदाहरण. कलम १५१ सांगते की, सामान्य शहाणपणाचा मनुष्य स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी अशा ठेवीची घेतली पाहिजे. कलम १७० खाली दिलेल्या दाखल्यांपैकी एक तर थेट शिंप्याचाच आहे: कोट शिवून होताच देईन आणि पैशांसाठी तीन महिन्यांची सवलत देईन असे कबूल केले असेल, तर मजुरीसाठी कोट अडकवून ठेवण्याचा अधिकार शिंप्याला राहत नाही. ही कलमे वाचताना आम्हाला मोठमोठी गोदामे डोळ्यांसमोर येत. घरी बसून चार शेजारणींचे ब्लाउज शिवणाऱ्या गृहिणीलाही ती तशीच लागू आहेत, हे फार उशिरा ध्यानात आले.

तेव्हा ज्या भगिनी बाहेरचे शिवण घेतात, त्यांनी परक्याचे कापड आणि घरचे कापड यांची कधीही गाठ पडू देऊ नये. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक कापडी पिशवी. तिच्यात कापड, अस्तर, मापाचा ब्लाउज, हूक आणि दोरा एकत्र. पिशवीच्या बंदाला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी: नाव, घेतल्याची तारीख, देण्याची तारीख, ठरलेली मजुरी, आगाऊ मिळालेली रक्कम. हीच माहिती एका वहीत. मापे मात्र चिठ्ठीवर लिहू नयेत, वहीतच लिहावीत, कारण चिठ्ठी कापडाबरोबर निघून जाते आणि पुढच्या वेळी पुन्हा टेप घेऊन उभे राहावे लागते. मापांपुढे तारीख हवीच; दोन वर्षांपूर्वीच्या मापावर विसंबून कापलेला ब्लाउज दोन्ही पक्षांना दुःख देतो. उरलेले कापड, मग ते वीतभर का असेना, पिशवीतच परत जावे. गिऱ्हाईक ते टाकून देईल कदाचित. परंतु टाकण्याचा अधिकार त्याचा आहे.

आता किरकोळ साहित्य. जवळजवळ प्रत्येक घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो, ज्यात बिस्किटे कधीच नसतात. सुया, बटणे, हूक, नाड्या, तुटकी चेन, खडू, टेप आणि कोणत्या तरी औषधाची चिठ्ठी यांचे ते संमेलन असते. डब्याला माझा विरोध नाही, त्याच्या अपारदर्शकपणाला आहे. मिठाईचे स्वच्छ केलेले पारदर्शक डबे, गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या, बूट ठेवण्यासाठी दारामागे टांगतात ती कप्प्यांची पिशवी, यांतून घरखर्चाला झळ न लागता चांगली व्यवस्था होते. नवे खण, नवी कपाटे घेण्याची घाई करू नये. आधी पसारा मोजावा, मग भांडी ठरवावीत. रिळे रंगाप्रमाणे लावली की काळ्याच्या जागी गर्द निळे घेण्याची फसगत टळते. त्यांच्यावर ऊन पडू देऊ नये. ऊन आणि धूळ यांनी सुती दोरा कमजोर होतो. जुन्या रिळाचा दोरा दोन्ही हातांनी ओढून पाहावा. सहज तुटला, तर त्याने फार तर कच्चा धावदोरा घालावा. शिवणीत तो वापरू नये. प्रत्येक यंत्राची बॉबिन एकसारखी नसते. घरात दोन यंत्रे असतील, तर त्यांच्या बॉबिन निरनिराळ्या डब्यांत हव्यात.

सुयांच्या बाबतीत थोडे अधिक सांगावेसे वाटते. घरगुती यंत्राच्या सुईची दांडी एका बाजूने चपटी असते, कारखान्यातील यंत्राच्या सुईची गोल. बाजारात दोन्ही मिळतात आणि एकत्र झाल्या की घोटाळा होतो. पातळ मलमलीला ९ किंवा ११ क्रमांक, नेहमीच्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६ किंवा १८. सुया मूळ पुडीतच ठेवाव्यात, कारण एकदा बाहेर काढून टोचून ठेवलेल्या सुईचा क्रमांक साठीतील डोळ्यांनी वाचणे हा मनस्तापच असतो.

तुटलेल्या सुईची व्यवस्था कपडे निर्यात करणाऱ्या कारखान्यांकडून शिकावी. तेथे सुई मोडली तर तिचे सर्व तुकडे शोधून, नोंदवहीत चिकटपट्टीने लावून दाखवावे लागतात. त्याशिवाय नवी सुई मिळत नाही. एखादा तुकडा सापडला नाही, तर कापडाची तपासणी होते. लहान बाळाच्या दुपट्यात अडकून राहिलेल्या टोकाची कल्पना केली, म्हणजे या शिस्तीचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या घरात मुले अनवाणी फिरतात, रांगतात आणि जमिनीवरची चकाकती वस्तू आधी तोंडात घालतात. टाचण्या मोजून घ्याव्यात; पन्नास असतील, तर काम संपल्यावर पन्नासच परत डबीत गेल्या पाहिजेत. बँकेत दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय रोखपाल घरी जात नसे, तसेच हे. शेवटी एक लोहचुंबक दोऱ्याला बांधून जमिनीवरून फिरवावा. मुलांना ते काम आवडते, म्हणून त्यांच्याकडूनच करून घ्यावे. चुंबकाला जे चिकटेल, ते मात्र मोठ्यांनी काढावे.

सर्वांत कठीण प्रकरण कापडाच्या साठ्याचे. ओटीत आलेले खण, आहेरातील पीस, सवलतीत घेतलेले मीटर-दीड मीटर, सासूबाईंनी जपून ठेवलेले काही. बँकेत ९० दिवसांहून अधिक काळ हप्ता थकला की कर्ज अनुत्पादित गणले जाते. कापडाला इतकी कठोर कसोटी लावण्याची गरज नाही. परंतु तीन दिवाळ्या ज्याची घडी मोडली नाही, त्याला पुढे बोलावून जाब विचारण्यास हरकत नसावी. प्रत्येक घडीला एक चिठ्ठी टाचावी: लांबी किती, पन्हा किती आणि पाण्यातून काढले आहे की नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून तिसरी नोंद पहिल्या दोहोंइतकीच महत्त्वाची. ३६ इंच पन्ह्याच्या कापडाला ४४ इंचाचा हिशेब लावून बेतलेला कुर्ता बाहीपाशी अडतो. घड्या एकावर एक रचण्याऐवजी पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवल्या, तर सगळ्यांत खालचे हवे असताना सारा ढीग कोसळत नाही.

दिवंगत व्यक्तीचे अर्धवट राहिलेले शिवण ही याच साठ्यातील एक नाजूक बाब. कापलेल्या बाह्या, टाके घातलेला गळा, सोबत टाचलेला कागद. घरातील माणसे ते फेकूही शकत नाहीत आणि उघडूही शकत नाहीत. माझे मत असे की, असे शिवण वेगळ्या पिशवीत ठेवून एका शांत दुपारी दोघींनी मिळून पाहावे. जे पूर्ण होण्यासारखे आहे ते पूर्ण करून घरात कोणीतरी वापरावे, आणि ज्याचे माप आता कोणालाच लागू नाही त्याची वाकळ करावी. तिने वापरलेली कात्री मात्र नित्य वापरात ठेवावी. मेरठच्या कात्र्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अशी चांगली कात्री धार लावून दोन पिढ्या चालते, अट इतकीच की तिने कोणी कागद कापू नये. कागदासाठी वेगळी कात्री घ्यावी आणि तिच्या मुठीला रंगीत फीत बांधावी.

पावसाळा तोंडावर आला की ही सारी मांडणी एकदा उलगडून पाहावी. साधुसाध्वी आपल्या वस्त्रांचे नित्य पडिलेहण करतात, जीवजंतू आहेत का ते डोळ्यांनी पाहतात. गृहस्थाला रोज जमले नाही, तरी जीव उत्पन्न होण्यापूर्वी पाहणे हे नंतर औषध घालण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. खळ केलेले कापड साठवू नये. कीटक खळीसाठीच येतात. लोकर आणि रेशीम यांना कसर लागते, ती अंधारात अनेक महिने न हललेल्या घडीत. उन्हे आहेत तोवर कापड सावलीत, वाऱ्यावर पसरावे. डांबराच्या गोळ्या बाळाच्या कपड्यांत कदापि ठेवू नयेत. ‘जी-६-पी-डी’ या विकराची जन्मजात उणीव असलेल्या बालकांत नॅफ्थलिनच्या संपर्काने रक्तातील तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. याच सुमारास पायाच्या यंत्राचा पट्टाही पाहून घ्यावा. जुन्या यंत्रांना तो चामड्याचा असे. आता रबरी किंवा प्लास्टिकचा मिळतो, तो मागून घ्यावा.

यंत्राला तेल देण्यापूर्वी सुईखालची पट्टी काढून दात्यांत साचलेला कापडाचा भुगा ब्रशने झाडावा. तेल शिलाई यंत्राचेच असावे. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल काही दिवसांनी चिकट होऊन यंत्र जड करते. काही नव्या यंत्रांना तेल द्यावयाचे नसते, तेव्हा माहितीपुस्तिका आधी पाहावी आणि ती यंत्राच्याच खणात ठेवावी. तेल दिल्यावर एखाद्या चिंधीवर थोडे चालवून घ्यावे, नाहीतर पहिला डाग नव्या कापडावर पडतो.

राहता राहिले कातरण. वीतभराहून मोठे सुती तुकडे एका पिशवीत, वाकळीसाठी किंवा ठिगळांसाठी. मऊ मलमलीचे तुकडे घरात गाळण्यासाठी आणि पुसण्यासाठी. त्याहून लहान कपटे उशीत किंवा बैठकीच्या गादीत भरण्यास चालतात. फक्त भरण्यापूर्वी ते हाताने चाचपून, त्यावरून एकदा चुंबक फिरवून घ्यावा.