न सुरू होणारे इंजिन : दोष कोणाचा?

पाठीवरचा फवारणी पंप, गवत कापण्याचे यंत्र, फांद्या तोडण्याची करवत, अशी दोन-स्ट्रोकची लहान इंजिने आता खेडोपाडी पोहोचली आहेत. मजुरांची टंचाई पाहता हे इष्टच झाले. परंतु ऐन हंगामात इंजिन सुरू होत नाही आणि मालक घाम गाळीत दोरी ओढीत बसला आहे, हा देखावाही तितकाच नित्याचा झाला आहे. अशा वेळी यंत्र करणाराला, विकणाराला किंवा नशिबाला बोल लावण्याची आपल्यात चाल आहे. आमचे मत असे की, पुष्कळ वेळा दोष यंत्राचा नसून आपल्या ठेवणुकीचा असतो.

आमचाच अनुभव सांगतो. मागील हंगामात तूर फुलावर होती आणि शेंगा पोखरणारी अळी नुकतीच दिसू लागली होती. अळी लहान आहे तोवरच औषधाचा उपयोग. ती शेंगेत शिरली की खर्च व्यर्थ. नेमक्या त्याच वेळी माळ्यावरून काढलेला पंप काही केल्या सुरू होईना. आम्ही खांदा दुखेपर्यंत दोरी ओढली. शेवटी दोरीच तुटली. तालुक्याच्या मिस्त्रीकडून पंप चौथ्या दिवशी परत आला. त्याने टाकीतील गेल्या वर्षीचे पेट्रोल ओतून दिले, कार्बुरेटर धुतला व नवी दोरी घातली, एवढेच. तोवर अळीने आपले काम उरकले होते. यात यंत्राचा अपराध कोणता?

या इंजिनाला वंगणाची निराळी टाकी नसते. तेल पेट्रोलातच मिसळावे लागते. पुस्तिकेत पन्नासास एक प्रमाण असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर, पंचवीसास एक असेल तर ४० मिलिलिटर. अंदाजाने ओतलेले तेल कमी पडले तर पिस्टन घासून अडकतो, जास्त झाले तर प्लग काजळतो. शिवाय आजच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ऊस, मळी, मका व तांदूळ यांपासून होते, म्हणजे त्यात आपलेही हित आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र इथेनॉल हवेतील ओलावा ओढते. ओलावा पुरेसा शिरला की पाणी व इथेनॉल तळाशी बसतात, तेल वरच्या पेट्रोलात राहते, आणि इंजिनाला नेमका तळचा, बिनवंगणाचा भाग मिळतो. जुन्या पेट्रोलातील हलका अंश उडून जातो व उरलेला चिकटा कार्बुरेटरची बारीक छिद्रे बुजवितो. म्हणून मिश्रण महिनाभरात संपेल इतकेच करावे, आणि हंगाम संपताच टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

तरीही इंजिन अडले, तर क्रमाने पाहावे, व एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रथम बंद करण्याची कळ, पेट्रोलची तोटी व चोक जागेवर आहेत का, आणि टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र मोकळे आहे का ते पाहावे. पेट्रोल जुने असल्यास बदलावे. मग प्लग काढावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. टाकीतील गाळणी, नळी व कार्बुरेटर तपासावा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. तोटी बंद करून, चोक व थ्रॉटल पूर्ण उघडून, दोरी पाचसहा वेळा ओढावी आणि प्लग पुसून वाळवावा. ठिणगी पाहताना प्लगला टोपी लावून त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवावी. मात्र प्लगच्या छिद्रापासून व पेट्रोलपासून दूर, आणि विडी काडी जवळ नको. ठिणगी नसेल तर नवा प्लग लावून पाहावा. शेवटी हवेची गाळणी आणि सायलेन्सर पाहावा. या इंजिनात जळका धूर बाहेर पडतो त्याच वेळी ताजे मिश्रण आत येते. धुराची वाट काजळीने बुजली की ताज्या मिश्रणास जागाच उरत नाही. हे सारे ठीक असून दोरी ओढताना हाताला अडथळाच लागत नसेल, तर रिंग झिजली असेल. तेथे मात्र आपले पाने बाजूला ठेवून मिस्त्रीकडेच जावे.

कोणी म्हणेल, यंत्राचे काम यंत्रवाल्याचे. शेतकऱ्याने त्यात कशाला पडावे? आम्ही विचारतो, बैलाने वैरण टाकली तर आपण त्याला झोडपीत बसतो काय? आधी तोंड पाहतो, शेण पाहतो, पोट चाचपतो, आणि मगच वैद्याकडे नेतो. न चालणाऱ्या इंजिनाची दोरी ओढीत राहणे हे आजारी बैलास झोडपण्यासारखेच होय.

आमची सारी नोकरी दप्तरात गेली. अडलेले प्रकरण रेटून पुढे जात नाही. कोणता कागद कमी आहे ते क्रमाने पाहावे लागते, हे आम्ही तेथे शिकलो. घरच्या पंपापाशी मात्र ते विसरलो. म्हणून आपल्या मंडळींस सूचना अशी की, प्रत्येक यंत्रास एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधावी व तीवर मिश्रण केल्याची तारीख, तेलाचे प्रमाण आणि प्लग बदलल्याचा दिवस लिहावा. तेल मोजण्याचे माप यंत्राबरोबरच ठेवावे. संघानेही हंगामापूर्वीच्या सभेत एक तास काढून ही तपासणी सभासदांच्या हातून करवून घ्यावी. खर्च जवळजवळ काहीच नाही. आमच्या पंपास आता चिठ्ठी बांधली आहे. ती एक वर्ष आधी बांधली असती, तर तूर वाचली असती.